आधी तो फॉर्म परत मागवा

प्रश्न : मी उचगावचा. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. मुलगी १९ वर्षांची, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या फेब्रुवारीत कॉलेजच्या ग्रुपबरोबर मालवणला जाऊन तिने स्कूबाचं ‘ओपन वॉटर’ सर्टिफिकेट मिळवलं. आता डिसेंबरात तोच ग्रुप ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करायला चालला आहे. शुक्रवारी रात्री निघायचं, दोन दिवसांत पाच डाइव्ह, रविवारी दुपारी शेवटचा डाइव्ह उरकून रात्री घाटाने परत. आठ हजार आगाऊ भरलेत. पण मुलगी आता नको म्हणते. मागच्या वेळी तिचा कान दुखला होता, पंधराएक दिवस दडे बसल्यासारखं होतं, मग आपोआप बरं झालं. तेव्हापासून भ्यायली आहे. हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. थंडीत सर्दी झाली की तिला कधीतरी पंप लागतो, पण तेवढ्यावरून कुणी अडवू नये म्हणून मेडिकल फॉर्मवर मीच सगळीकडे ‘नाही’ लिहिलं आणि तिची सही घेतली. अ‍ॅडव्हान्स्ड झाल्यावर नेव्हीत किंवा ओएनजीसीत डायव्हर म्हणून लागता येईल ना? पुढे कोणते कोर्स करावेत?
— एक पालक

उत्तर : नोकरीचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात नोकरीपेक्षा फार मोठी गोष्ट एका ओळीत उरकली आहे. मेडिकल फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. आज संध्याकाळी त्या ट्रिपच्या संयोजकांना फोन करा आणि तो फॉर्म परत मागवा.

हा फॉर्म म्हणजे शाळेच्या सहलीचं संमतिपत्र नव्हे. त्यात श्वसनाचा त्रास, कानाचे आजार, चालू औषधं असे प्रश्न असतात आणि त्यामागे थेट शरीराचं गणित असतं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. श्वास मोकळा चालू असेल तर ती सहज बाहेर पडते. तिला लागणारा पंप बहुधा दम्याचा, आणि दम्यात बारीक श्वासनलिका आवळल्या जातात, वर येताना काही भागातली हवा अडकते, फुगते, आणि फुप्फुस फाटू शकतं. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेले की माणूस वर आल्याबरोबर बेशुद्ध पडतो. त्यासाठी तीस मीटर खोल जावं लागत नाही. श्वास रोखून वर आलं तर पोहण्याच्या तलावातल्या दीड मीटर पाण्यातही हे होऊ शकतं. त्यात भर म्हणजे सिलिंडरमधली हवा कोरडी असते. (तो ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो, आपलीच साधी हवा गाळून, दाबून भरलेली असते.) कोरडी, थंड हवा, वर व्यायामाचा ताण, आणि डिसेंबर म्हणजे तिचा सर्दीचाच मोसम. पंप ज्या कारणांनी लागतो ती सगळी तिथे हजर आहेत.

‘हो’ लिहिलं म्हणून कुणी कायमचं अडवत नाही. ‘हो’ लिहिलं तर डॉक्टर तपासतात, स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची चाचणी) करतात, गरज पडली तर व्यायामानंतर पुन्हा करतात, आणि दमा आटोक्यात असलेल्या कितीतरी जणांना परवानगी देतात. ‘नाही’ लिहून तुम्ही अडथळा काढलात असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात इन्स्ट्रक्टरला सावध करणारी एकमेव सूचना तुम्ही पुसून टाकली. शिवाय मुलगी सज्ञान आहे. फॉर्म तिने भरायचा, सही तिची. काही झालं तर खोटं लिहिल्याचा ठपकाही तिच्यावर, आणि तुम्ही तिथे नसणार.

आता कान. पंधरा दिवस दडे बसणं म्हणजे ‘थोडं दुखलं’ नव्हे. बहुधा मधल्या कानाला दाबाची इजा झाली होती. प्रमाणात पाहिलं तर सर्वांत मोठा दाबबदल पहिल्या दहा मीटरमध्ये असतो (तिथे दाब थेट दुप्पट होतो), म्हणून नवशिक्यांचे कान तिथेच जातात. नाक चिमटीत धरून हळुवार फुंकून कानातला दाब सारखा करायचा, आणि तो दुखायच्या आधीच करायचा, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखायला लागलं की मीटरभर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, तरी कान सुटला नाही तर डाइव्ह तिथेच संपवायचा. मुलं मात्र दुखणं सोसतात. बाकीचे खाली पोचलेले असतात, इन्स्ट्रक्टर वाट बघत असतो, घरचे पैसे भरून बसलेले असतात. मग जोर लावून फुंकतात. पडदा फाटला तर थंड पाणी आत शिरून गरगरतं, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेनासं होतं. जोर फार झाला तर आतल्या कानाला इजा होते, आणि तिथे गेलेली श्रवणशक्ती दर वेळी परत येत नाही. सर्दी असताना नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणं तर आणखी वाईट. खाली असताना गोळीचा असर संपला की वर येताना हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

म्हणून तिचं ‘नको’ मला भित्रेपणाचं वाटत नाही. तिला एकदा इजा झाली, ती कुणी तपासली नाही, आणि तिला पुन्हा त्याच पाण्यात, ओपन वॉटरच्या अठरा मीटरच्या मर्यादेपेक्षा बारा मीटरपर्यंत जास्त खोल उतरायला सांगितलं जातंय. अशा वेळी नको म्हणणारी मुलगी शहाणी आहे.

तुमच्या शिस्तीबद्दल स्पष्टच लिहितो. अर्धवट सोडायचं नाही हा नियम अभ्यासाला ठीक, लेथवर चढवलेल्या जॉबला ठीक. डायव्हिंगमध्ये पहिल्या दिवसापासून याच्या नेमकं उलट शिकवतात : कुणीही, कोणताही डाइव्ह, कोणत्याही क्षणी रद्द करू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. अंगठा वर केला की सगळ्यांनी वर यायचं. हा नियम सौजन्यासाठी केलेला नाही. पाण्याखालच्या अपघातांत घबराट हा मोठा भाग असतो, आणि मनाविरुद्ध उतरलेला माणूस लवकर घाबरतो. घाबरला की तो श्वास रोखतो आणि सुसाट वर येतो. नेमकी हीच दोन कामं करायची नसतात. ‘बाबा काय म्हणतील’ हे ओझं घेऊन उतरलेली मुलगी अंगठा वर करायला उशीर करणार. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त भीती याची वाटली.

भीतीचा हिशेब हवेतही दिसतो. नेहमीचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बार दाबाने भरलेला (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब). ५० बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला सुमारे १,६५० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तीस मीटरवर चौपट, ८० लिटर. वीस मिनिटांत खेळ आटोपला. घाबरलेल्या माणसाला पृष्ठभागाच्या हिशेबाने ३० लिटर धरले तर चौदा मिनिटंही नाहीत, आणि वर येण्याचा वेळ, पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा यांनाही त्यातलीच हवा लागते. त्या खोलीवर नायट्रोजनमुळे काहींना दारू चढल्यासारखं होतं, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवरचे आकडे वाचायलाही वेळ लागतो. निश्चिंत मनाने उतरणाऱ्याला हे सांभाळता येतं.

ट्रिपच्या वेळापत्रकावरही माझा आक्षेप आहे, आणि तो ग्रुपमधल्या सगळ्या मुलांसाठी आहे. रविवारी दुपारी शेवटचा डाइव्ह आणि रात्री घाट, हे चालणार नाही. डाइव्हनंतर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो. उंचीवर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाबाबत हे बहुतेकांना ठाऊक असतं : एका डाइव्हनंतर किमान १२ तास, लागोपाठ दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबायचं. पण ही सूचना मुळात सुमारे ६०० ते २,४०० मीटर उंचीसाठी आहे, मग तिथे विमानाने जा की एसटीने. मालवणहून आंबोलीने या, फोंडा घाटाने या किंवा गगनबावड्याने, माथा सहाशे मीटरच्या आसपास किंवा वर, आणि खुद्द कोल्हापूर साडेपाचशेच्या घरात. तेव्हा रविवारची रात्र खालीच काढायची आणि सोमवारी निघायचं. संयोजकांना हे माहीत नसेल तर तो आणखी एक धोक्याचा कंदील समजा. त्यांना हेही विचारा की खोल डाइव्ह नेमका कुठे करणार. हा डाइव्ह अठरा मीटरच्या खाली करावा लागतो, आणि मालवणच्या किनाऱ्याजवळच्या पुष्कळ जागा त्याहून उथळ आहेत.

आता नोकरी. तुमचा समज असा की ओपन वॉटर म्हणजे दहावी, अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे बारावी, आणि पुढे डायव्हरची नोकरी. हा समज पालकांमध्ये सर्रास आहे आणि तो मुळातूनच चुकीचा आहे. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समध्ये पाच डाइव्ह असतात : एक खोल, एक होकायंत्राने दिशा शोधण्याचा, हे दोन सक्तीचे, बाकी तीन आवडीचे. शेवटी परीक्षा नसते. ओपन वॉटरचे चार धरले तर हे कार्ड हातात येतं तेव्हा मुलीच्या नावावर उणेपुरे नऊ डाइव्ह असतील. कार्ड सांगतं इतकंच की तिला सोबत्याबरोबर तीस मीटरपर्यंत हौसेने उतरता येईल. ही हौशी डायव्हिंगची वाट आहे. तेलविहिरींवरचे व्यावसायिक डायव्हर वेगळेच : डोक्यावर हेल्मेट, वरून नळीने हवा, आणि हातात वेल्डिंग, कटिंग, तपासणीचं काम. म्हणजे आधी कारागीर, मग डायव्हर. त्याचं प्रशिक्षण स्वतंत्र आणि महागडं, तिथे हौशी कार्डाला फारसं कुणी विचारत नाही. नेव्हीत आधी नेव्हीत भरती व्हावं लागतं, डायव्हिंग नेव्ही स्वतःच कोचीच्या आपल्या शाळेत शिकवते. आणि महापुरात उपयोग होईल असंही कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पंचगंगेच्या गढूळ, ओढीच्या पाण्यात माणसं काढणं ही संपूर्ण वेगळी विद्या आहे.

हौशी वाटेवर नोकरी नाही असं नाही. रेस्क्यू (बचावाचा) कोर्स, मग डाइव्हमास्टर (वय १८ पूर्ण, सुरू करताना ४० डाइव्ह, संपताना ६०), मग इन्स्ट्रक्टरसाठी १००. पण ती पर्यटनातली नोकरी आहे, कोकणात पावसाळ्याचे चार महिने बंद, आणि ज्याला रोज पाण्यात उतरावंसं वाटतं त्याच्यासाठी. तुमच्या मुलीला वाटत नाही.

तिला काय वाटतं हे तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच नाही. प्राणिशास्त्र तिने स्वतः निवडलं असेल तर समुद्री जीवशास्त्र हा विषय तिच्यासमोर ठेवा, आणि त्यासाठी पाण्याखाली जावंच लागतं हा समज सोडा. सीएमएफआरआयसारखी (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) संस्था मासेमारीची आकडेवारी बंदरावर उतरणाऱ्या मासळीवरून गोळा करते. उरलेलं बरंचसं काम सूक्ष्मदर्शकाखाली, जनुकांवर, संगणकावर चालतं. एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि सीयूईटी-पीजी, संशोधनासाठी नेट, हे तिच्या प्राध्यापकांना ठाऊक आहेच.

हवं तर तिला ग्रुपबरोबर मालवणला जाऊ द्या, पण डाइव्हिंगशिवाय. सर्जेकोटच्या बंदरावर पहाटे मासळी उतरते तेव्हा जाती ओळखून नोंदवायच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी लागली की खडकांतल्या डबक्यांत काय काय राहतं ते फोटो काढून मांडायचं. उचलून काही आणायचं नाही. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत. दोन दिवसांच्या अशा नोंदी तिला तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला नवव्या डाइव्हपेक्षा जास्त उपयोगी पडतील. आठ हजार परत मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर बुडीत धरा.

पुढे कधी तिलाच पुन्हा उतरावंसं वाटलं तर कार्ड रद्द होत नाही, आधी तलावात उजळणी करून मग समुद्रात जाता येतं. कानाची तपासणी मात्र डायव्हिंग करो न करो, याच आठवड्यात. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा नेहमीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि पडद्याबरोबर श्रवणचाचणीही करून घ्या. छातीच्या डॉक्टरांना पंप किती वेळा लागतो ते तिलाच सांगू द्या, तुम्ही बाहेर बसा. जाताना तिचं फेब्रुवारीचं लॉगबुक बरोबर न्या. कोणता डाइव्ह किती खोल होता आणि किती वेळ चालला हे त्यात असेल, आणि कान कुठे दुखला ते तिला त्यावरून आठवून सांगता येईल.