बाटलीवरचं ‘२५ यू.पी.’ आणि साइक्सचा पितळी हायड्रोमीटर

तुमचा प्रश्न असा की दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्क्यांच्या जोडीला ‘२५ यू.पी.’ किंवा ‘७५ डिग्री प्रूफ’ का लिहितात, आणि हे पूर्वी कशाने मोजायचे.

यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ. ब्रिटिश प्रूफ दारूत आकारमानाने साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल असतं. प्रूफला १०० धरलं तर २५ टक्के खाली म्हणजे ७५ डिग्री प्रूफ, आणि ५७.१ च्या २५ टक्के खाली या, ४२.८ येतात.

प्रूफ ठरवायची जुनी रीत म्हणजे बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची. मद्य जळून गेल्यावर तिने पेट घेतला तर माल खरा. पण मद्य किती ओतलं यावरच निकाल फिरायचा आणि कर तर त्यावरच बसायचा! म्हणून ब्रिटिश अबकारी खात्याने नेमकं उपकरण शोधायला १८०२ मध्ये स्पर्धा घेतली. त्यातून निवडला गेलेला बार्थोलोम्यू साइक्सचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात किती बुडतो त्यावरून त्याची घनता सांगणारं उपकरण, १८१६ च्या कायद्याने अधिकृत झाला.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला होतो. तिथल्या कपाटात साइक्सची एक जुनी पेटी होती. आत मखमलीच्या खाचांत पितळी गोळा, वर चपटी दांडी, शेजारी १० ते ९० आकड्यांची नऊ वजनं आणि थर्मामीटर. खालच्या दांडीत वजन अडकवायचं, गोळा हलकेच सोडायचा. वजन ६० आणि दांडीवर ३.४ दिसलं की वाचन ६३.४. मग तापमान बघून तक्त्यातून प्रूफ काढायचं. तापमान चुकलं की सगळंच चुकलं, कारण मद्य उष्णतेने पसरतं.

डेअरीवरचा लॅक्टोमीटर पाहिला असेल तर तत्त्व तेच आहे, फक्त उलटं. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर खाली जातो, मद्यात पाणी घातलं की हायड्रोमीटर वर येतो.

आमचे केमिस्ट साहेब गोळ्याला उघड्या हाताने शिवू देत नसत. “एक पोचा पडला तरी तो जास्त बुडेल आणि माल आहे त्याहून कडक दाखवेल,” म्हणायचे. तेव्हा मला ती नसती कटकट वाटायची. पण पोच्याने गोळ्याचं आकारमान घटतं, वजन तेवढंच राहतं, हे एकदा कागदावर मांडून पाहिलं आणि पटलं. त्यानंतर मीही ती पेटी दोन्ही हातांनीच उचलायचो.

ब्रिटनने १ जानेवारी १९८० पासून साइक्स सोडून सरळ टक्केवारी घेतली. आपल्याकडच्या लेबलांवर मात्र तो हिशोब अजून छापला जातो.