बेळगावात आईसाठी मोत्याची अंगठी घ्यायची, तर जुन्या घडणीची शोधावी की नवी?

तुम्ही लिहिलंय की आईची साठी आहे, बजेट बेताचं आहे आणि निपाणीहून बेळगाव किंवा कोल्हापूर दोन्हीकडं जाता येईल. जुनी अंगठी शोधावी की दुकानातली नवी, आणि मोती खरा कसा ओळखावा, हा प्रश्न.

मी बेळगावच्या शहापुरात घरी दागिने गाठवून देते, पटवेकऱ्याचं काम. मंगळसूत्रं, मोत्याच्या माळा, तन्मणी. बैलहोंगलकडच्या बायका 'मुत्तिन सर', म्हणजे कानडीत मोत्याचा सर, घेऊन येतात, खानापूरकडच्या आजीबाई तुटलेली चिंचपेटी पदरात बांधून आणतात. माझ्याकडं येतो तेव्हा मोती मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर सुटा पडलेला असतो, आणि मी तो आधी वेजाच्या, म्हणजे भोकाच्या, बाजूनं बघते. दुकानात तो गुलाबी कागदावर, पिवळ्या दिव्याखाली ठेवतात, तिथं साधा मोतीही गोड दिसतो. म्हणून पहिलं काम, अंगठी घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात या. मोत्यात समोरच्या खिडकीची किंवा ट्यूबलाइटची कड स्पष्ट उमटली तर पाणी, म्हणजे चमक, चांगलं. कड पसरून दूधट दिसली तर वरचा थर पातळ किंवा हलका समजा. आकार थोडा लहान चालेल, पाणी मात्र चांगलंच घ्या.

खोटा मोती ओळखणं सोपं आहे. समोरच्या दाताच्या कडेवर अगदी हलकं घासा. खरा मोती बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत सरकतो. वेजाच्या काठावर खोट्याचा रंग सोलल्यासारखा सुटलेला असतो. मेजोर्का म्हणजे काचेच्या मण्यावर लेप दिलेला नकली मोती आणि 'शेल पर्ल' म्हणजे शिंपल्याच्या गोळ्यावर लेप. मोती म्हणून दोन्ही घेऊ नका. 'हैदराबादी' म्हटलं की लोकांना फार विश्वास वाटतो, पण हैदराबादला समुद्र नाही. तिथं मोती निवडतात, वेज पाडतात, ओवतात. मोती बाहेरून येतो, आणि आता त्यातला बराचसा चीनच्या गोड्या पाण्यातला असतो. तो वाईट नाही. बेताच्या बजेटात मी तोच घ्यायला सांगेन.

नैसर्गिक की कल्चर, म्हणजे माणसानं शिंपल्यात वाढवलेला, हे मात्र दातानं कळत नाही, दोन्ही खरखरीत लागतात. जपानमध्ये कोकिची मिकिमोटो ह्या मोत्यांच्या व्यापाऱ्यानं १८९३ साली शिंपल्यात पहिला अर्धगोल मोती वाढवून दाखवला. पुढं गोल कल्चर मोती बाजारात आले आणि १९३०च्या दशकात इराणच्या आखातातला, बुडी मारून मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा धंदा बसला. बहारीन-कुवेतच्या समुद्रातला जो मोती इराकमधल्या बसऱ्याच्या बाजारातून आपल्याकडं यायचा, तो बसरा मोती. पूर्ण गोल क्वचित, किंचित पिवळसर, आणि वेज अगदी बारीक, कारण मोती वजनावर विकला जायचा, मोठं भोक पाडलं की वजन गेलं. भिंगातून वेजात बघितलं तर कल्चर मोत्यात कधी कधी आत घातलेला गोळा आणि वरचा थर यांच्यामध्ये काळसर रेघ दिसते. पण गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत गोळाच नसतो, त्यामुळं रेघ नाही म्हणून नैसर्गिक, असा हिशोब करू नका. खरा निकाल प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणाचा. मुंबई-जयपूरला ती सोय आहे, आणि कुणी 'बसरा' म्हणून जादा पैसे मागत असेल तरच तो खर्च करावा. 'आजीच्या काळचं' एवढ्यानं काही ठरत नाही. त्या काळातही कल्चर आणि नकली दोन्ही मोती बाजारात होते.

आता जुन्या दागिन्याचं, कारण हे मला मनापासून सांगायचं आहे. आमच्याकडं जुन्या मोत्याच्या दागिन्याचं वेगळं दुकान असं नसतं. जुना माल सराफाकडं येतो तो मोड म्हणून, म्हणजे सोनं वितळवायला. २००९ मध्ये माझ्या लग्नाच्या बांगड्यांसाठी आईनं तिच्या सासूच्या कुड्या मोडीत दिल्या. एका कुडीत सात, असे चौदा मोती. सराफानं चिमट्यानं तारा उलगडून मोती वेगळे केले, सोनं काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, ह्याला काय किंमत नाही बघा." मोती स्टीलच्या वाटीत गेले आणि वाटी गल्ल्याखाली. आई काही बोलली नाही. मीही शेजारीच उभी होते. मोती पिवळसर होते, त्यातला एक एका बाजूनं चपटा. हे काम शिकल्यावर मला कळलं की आपण काय न विचारता सोडून आलो. ते बसरा होते की नव्हते, हे आता कधीच कळायचं नाही. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, मोडीत सोनं द्या, मोती मोजून परत मागून घ्या. त्यांना किंमत नसेल तर ते ठेवून घ्यायचं सराफाला तरी काय कारण?

नवी अंगठी घेताना सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि मोत्याचं वजन वेगळं लिहून घ्या, मोती सोन्याच्या भावानं तोलला जाता कामा नये. 'कल्चर' हा शब्दही बिलावर असू दे. जुनी मिळाली तर तिच्यावर हॉलमार्क नसणार, मग तुमच्यासमोर मशीनवर कस बघायला सांगा. माप वाढवायचं असेल तर आधी मोती काढायला सांगा, डाग देताना, म्हणजे सोनं जोडताना, आच लागली की मोती कामातून गेला.

आणि अंगठी ही मोत्यासाठी सगळ्यात अवघड जागा आहे. मोती मऊ असतो, साध्या धुळीनंही त्यावर ओरखडे पडतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर, सेंट ह्यांनी पाणी उतरतं. आई स्वयंपाक करणारी असेल तर उंच बसवलेला मोती घेऊ नका, बाजूनं सोन्याची कड वर आलेली घडण घ्या. रिठ्यानं धुऊ नका, ओल्या मऊ कापडानं पुसा. प्लास्टिकच्या बंद डबीत वर्षानुवर्षं ठेवू नका, सुती कापडात ठेवा.

एवढं सगळं असूनही दुकानाकडं निघण्याआधी एकदा आईचं जुनं कपाट बघा. एखादी एकटी राहिलेली कुडी, नथीतून सुटलेला मोती बहुतेक घरात असतो. असा एक मोती मिळाला तर सराफ गल्लीत हातानं काम करणाऱ्या कारागिराकडून नव्या अंगठीत बसवून घ्या, खर्च फक्त सोन्याचा आणि मजुरीचा. जुन्या मोत्याला आरपार वेज असतो, त्यामुळं वरच्या बाजूला भोक दिसेल. तिथं तार वर काढून सोन्याचा बारीक मणी बसवायला सांगा. त्यासाठी वेज मोठा करू देऊ नका. कारागीर म्हणेल "जरा मोठा करतो, लवकर होतंय", तर थांबवा, आणि वेजात बसेल एवढीच बारीक तार ओढायला लावा.