ई-कचऱ्याच्या द्रावणातलं सोनं पकडायला ग्राफीन ऑक्साइडचा (कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचा) मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, करायला घेतोयस तर

आधीच किती टक्के सोनं पकडलं या आकड्यामागे धावू नकोस. पीव्हीडीएफच्या (सच्छिद्र प्लास्टिकच्या) गाळणीवर थर गाळून घे आणि नुसत्या पाण्यात रात्रभर ठेव. कोरड्यात थरांमधलं अंतर साधारण 0.8 नॅनोमीटर असतं. भिजला की ते बरंच वाढतं, पापुद्रे सुटतात आणि निवडकता (बाकीचं सोडून सोनंच वेचणं) गेलीच म्हणून समज. क्रॉसलिंकिंग (थर एकमेकांना रासायनिक बंधांनी बांधणं) त्यासाठीच.

शुद्ध गोल्ड क्लोराइडवर आकडे छानच येतात (गाईडही खूश!). जुन्या सर्किट बोर्डांच्या द्रावणात मात्र तांबं सोन्याच्या कितीतरी पट असतं, चाचणी त्यातच घे. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना) 38.2 अंशांवर शिखर दिसलं, तर बहुधा सोन्याच्या आयनांचा मेम्ब्रेनवरच धातू झालाय. मग साध्या आम्लाने धुऊन तो सुटणार नाही; अम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) वापर, नाहीतर मेम्ब्रेन जाळ. आयसीपीला (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीला) फीड म्हणजे मूळ द्रावण, पार झालेलं पाणी आणि धुवण, तिन्ही दे.