दहा दिवसांत मागे फिरा

प्रश्न : इचलकरंजीत माझा लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापायचा छोटा प्रेस आहे. कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं, काही तक्रार नव्हती. गेल्या रविवारी भाच्याने "मामा, फुकट मिळतंय" म्हणत विंडोज ११ टाकून दिलं. तेव्हापासून मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची डाँगल (मशीनला लावायची, सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणारी किल्ली) ओळखलीच जात नाही. पान जुळवायचं पेजमेकर उघडतं, जुन्या पत्रिका दिसतात, पण नवीन एक अक्षर टाइप होत नाही. लगीनसराई तोंडावर आली आहे. दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून, १० टाकावं लागेल. खरंच दुसरा मार्ग नाही?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी कॅलेंडर बघितलं. रविवार धरून सातवा दिवस होता. अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत वेळ निघून गेली असती, म्हणून पत्राखालच्या नंबरावर फोन केला. त्या वेळी भाचा "सी ड्राइव्ह भरलाय, जुना कचरा साफ करतो" म्हणून बसलाच होता. त्याला मी फोनवरच ओरडलो, त्याबद्दल माफ करा. तो ज्याला कचरा म्हणत होता त्यात 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर होतं, आणि त्यातच तुमचं अख्खं विंडोज १० झोपलेलं होतं.

दहावरून अकरावर अपडेट केलं की जुनी विंडोज या फोल्डरमध्ये दहा दिवस राहते. तोवर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' हे बटण चालू असतं. दहा दिवस उलटले की फोल्डर आपोआप पुसलं जातं आणि बटणही बंद पडतं. कमांड देऊन ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती वाढवायची तर तीही त्या दहा दिवसांतच.

बटण दाबण्याआधी मी तुम्हाला एक गोष्ट बघायला लावली होती : विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटिग्रिटी. हे चालू असेल तर कित्येक जुने ड्रायव्हर (विंडोजला एखादं उपकरण ओळखायला लावणारे छोटे प्रोग्रॅम) दारातूनच परत पाठवले जातात, आणि डाँगल शेवटी ड्रायव्हरवरच चालते. तुमच्याकडे ते बंदच होतं, म्हणून आपण मागे फिरलो. इतर वाचकांनी मात्र आधी हेच बघावं, चालू असेल तर बंद करून बघावं. एका बटणासाठी अख्खी विंडोज बदलू नये. तेवढ्याने काम झालं, तरी ते संरक्षण बंद ठेवून त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

मागे फिरताना फोटो, फाइली, पत्रिका जागच्या जागी राहतात. अकरा आल्यानंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज तेवढी जातात. तरीही पत्रिकांचं आणि फॉन्टचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर काढायला लावलं, कारण तुमच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, नाहीत. त्या फॉन्टशिवाय त्या मराठी फाइली नुसता चिन्हांचा ढिगारा आहेत.

दहा दिवस उलटून गेलेल्यांना मात्र फॉरमॅटला पर्याय नाही. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल (इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम) घ्या, आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मशीनवर पूर्वी त्याच प्रकारची, म्हणजे होम असेल तर होम, अस्सल विंडोज १० चालली असेल, तर प्रॉडक्ट की (लायसन्सचा नंबर) विचारल्यावर 'माझ्याकडे नाही' निवडा. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, नेट जोडलं की ते आपोआप लागतं. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

आणि डेटा. इथे माझीच फजिती सांगतो. विंडोज व्हिस्टा नवीन आलं तेव्हाचे दिवस. सांगलीत माझं दुकान होतं आणि रोज दोन-तीन जण नवा लॅपटॉप घेऊन "ह्यात एक्सपी टाका", म्हणजे व्हिस्टाच्या आधीची विंडोज टाका, म्हणत यायचे. एका कर सल्लागारांचा लॅपटॉप आला. एक्सपीची सीडी घातली की निळा पडदा, त्यावर शेवटी सेव्हन-बी हा एररचा नंबर. एक्सपीला त्या साटा डिस्कचा ड्रायव्हरच माहीत नव्हता. तो फ्लॉपीवरून द्यायचा, आणि लॅपटॉपला फ्लॉपी कुठली? शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क चालवायची पद्धत एएचसीआयची बदलून जुनी आयडीई केली आणि गाडी सुटली. मी खूश. संध्याकाळी साहेब आले, "डेस्कटॉपवरच्या माझ्या फाइली कुठायत?" सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे ना, असं मी सकाळी विचारलं होतं, ते हो म्हणाले होते. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी उघडून बघितलं नव्हतं. चाळीसेक अशिलांचे हिशेब गेले. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या होकारावर मी फॉरमॅट मारत नाही.

आता तुमचं पुढचं. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळतात, विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. पण प्रेसच्या मशीनला माझा सल्ला वेगळा आहे : नेटची वायरच काढा. पेजमेकर ७ आलं २००१ साली, त्याला नेट काय करायचंय? गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह मात्र थेट त्यात खुपसू नका. प्रेसमध्ये येणारे पेनड्राइव्ह गावभर फिरलेले असतात. तो दुसऱ्या मशीनवर तपासा, मजकूर तुमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. मुलाने नवा लॅपटॉप दिला, त्यात विंडोज ११ आहे. मला विंडोज सातचीच सवय. सात टाकून मिळेल का?

उत्तर : सर, कोणी टाकून देतो म्हणाला तरी देऊ नका. सातमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे इन्स्टॉल करताना माउस मरतो. आजच्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई ही नव्या प्रकारची वेगवान डिस्कही तिला मुळात दिसत नाही. सुरक्षा अपडेट तर १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले.

पण एक विचारू? सातची सवय म्हणजे स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात, हीच ना? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ज्येष्ठांची तक्रार तेवढीच असते. टास्कबारवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज उघडा, खाली टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. आठवडाभर वापरून बघा, मग लिहा.