पलंगाच्या डोक्यावर धूर कशाला शोधायचा?

प्रश्न : मागच्या महिन्यात नागावला दोन दिवसांसाठी बंगला घेतला होता. बेडरूममध्ये पलंगाच्या बरोबर वर स्मोक डिटेक्टर, त्यात एक काळा ठिपका. मिस्टरांनी स्टुलावर चढून त्यावर बँडेड चिकटवलं. मालकांना विचारलं तर, "अहो, ते आधीपासूनच आहे." रात्रभर डोळा लागला नाही. आता दिवाळीत गोव्याला जायचंय, सोबत सासूबाई आणि नणंदेची मुलगी. नेमकं काय तपासायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, बावीस वर्षं सीसीटीव्ही बसवतोय, तेव्हा बसवणाऱ्याच्या डोक्यानेच सांगतो. चोरून कॅमेरा लावणाऱ्याला दोन गोष्टी लागतात : पलंग किंवा बाथरूम दिसेल अशी जागा, आणि करंट. छोट्या बॅटरीवरचा कॅमेरा सतत चालवला तर काही तासांत मान टाकतो. म्हणून खोलीत गेल्यावर आधी पलंगावर आडव्या व्हा आणि आपल्याकडे तोंड करून असलेली, वायर जोडलेली प्रत्येक वस्तू बघा. घड्याळ, सेट-टॉप बॉक्स, कुणीतरी 'विसरलेला' चार्जर. चार्जर मी तर सरळ काढून ड्रॉवरमध्ये टाकतो.

तुमच्या ठिपक्याचं म्हणाल तर डिटेक्टरला बारीक दिवा असतो, विझलेला असला की काळपट दिसू शकतो. पण स्वयंपाकघरात डिटेक्टर नाही आणि पलंगावर मात्र आहे, असं असेल तर मलाही झोप लागली नसती. बँडेड उत्तम!

रात्री खोलीत अंधार करा. टॉर्च डोळ्याशेजारी धरून सावकाश फिरवा. लेन्स असेल तर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका चमकतो. मग टॉर्च बंद करून सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. अंधारात चालणाऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे बऱ्याचदा जांभळट-पांढरे दिसतात. तुमच्या फोनला ते दिसतात का, हे घरीच टीव्हीचा रिमोट दाबून तपासा. वायफायवर कॅमेरे शोधणाऱ्या ॲपवर विसंबू नका, मेमरी कार्डवाला कॅमेरा त्यात येतच नाही.

सापडलाच तर उपटू नका, कार्ड काढू नका. जागेसकट फोटो-व्हिडिओ घ्या, वर टॉवेल टाका, ११२ ला फोन लावा. मालकाला आधी कळवलंत तर पोलीस येईपर्यंत कार्ड गायब! बाईचं असं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. गोव्यात घडलं तरी नाशिकच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो.

बुकिंग एअरबीएनबीवरून असेल तर ३० एप्रिल २०२४ पासून त्यांच्याकडे घराच्या आत कॅमेऱ्याला बंदीच आहे, हॉलमध्येसुद्धा. बाहेर असेल तर बुकिंगआधी सांगावं लागतं.

आणि हो, नागावच्या त्या डिटेक्टरचा बँडेड लावण्याआधी फोटो काढला होतात का? असेल तर पाठवा, मोठा करून बघतो.