वाचकांचे प्रश्न : शरभाचे डोळे पुसट होतात, भिंत मात्र राहते

प्रश्न : लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीवरील शरभाच्या (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याच्या) शिल्पाचे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल केले आहे. त्याचा पृष्ठभाग जोडून बनवणारे त्रिकोण 20 लाख; मोबाइलसाठी 50 हजार हवेत. कमी केले की डोळे, नखे पुसट होतात आणि मागच्या खडबडीत दगडावर त्रिकोण शिल्लक राहतात. जास्त वळणाऱ्या भागाला जपण्यासाठी वक्रतेनुसार वजन देऊनही तेच. नजरेला महत्त्वाचा भाग मोजायचा कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पृष्ठभाग किती वळतो एवढेच वक्रता सांगते. काळ्या दगडाचा प्रत्येक खड्डा वळतो, म्हणून सगळी भिंतच महत्त्वाची ठरते. नजर थांबते ती आजूबाजूपेक्षा वेगळ्या भागावर. तो वेगळेपणा मोजणारी ‘मेश सेलियन्सी’ ही पद्धत ली, वार्ष्णेय आणि जेकब्स यांनी 2005 मध्ये मांडली. तुम्ही तीच वापरा.

प्रत्येक व्हर्टेक्सवर, म्हणजे त्रिकोणांच्या टोकाच्या बिंदूवर, माध्य वक्रता (मीन कर्व्हेचर) काढा. तिची गाऊसियन सरासरी, म्हणजे जवळच्या शेजाऱ्यांना जास्त वजन देणारी सरासरी, दोनदा घ्या, एकदा ठरावीक रुंदीने आणि एकदा दुप्पट रुंदीने. दोन्हींतला फरक, चिन्ह सोडून, म्हणजे त्या व्हर्टेक्सचे महत्त्व. एकसारख्या खडबडीत भिंतीवर दोन्ही सरासऱ्या जवळपास सारख्या येतात. डोळ्याच्या खोबणीपाशी त्या फाकतात.

रुंदीसाठी मॉडेल ज्या चौकटीत बसते तिच्या कर्णाचा 0.3 टक्के हे एकक धरा आणि त्याची 2, 3, 4, 5, 6 पट घ्या. कर्ण 1 मीटर असेल तर 6 ते 18 मिमी. प्रत्येक रुंदीला महत्त्वाचा एक, असे मिळालेल्या पाच नकाशांची सरळ बेरीज करू नका. प्रत्येक नकाशा आधी 0 ते 1 मध्ये आणा. मग त्यातली सर्वोच्च किंमत आणि बाकीच्या स्थानिक शिखरांची सरासरी यांतल्या फरकाच्या वर्गाने गुणा. मोजकीच ठळक शिखरे असलेला नकाशा वर येतो, जागोजागी सारखे उंचवटे असलेला दबतो. तुमची भिंत खरी इथेच दबते, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

20 लाख त्रिकोणांवर हे गणित फार रेंगाळते, कारण मोठ्या रुंदीला प्रत्येक व्हर्टेक्सचे हजारो शेजारी येतात. 2 लाखांच्या प्रतीवर मोजा आणि जवळच्या व्हर्टेक्सप्रमाणे किमती मूळ मॉडेलवर उतरवा. त्याआधी दुहेरी व्हर्टेक्स जोडून घ्या, शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण काढा. नाहीतर वक्रतेच्या जागी निरर्थक आकडे येतात. त्रिकोणांची दाटी असमान असेल तर सरासरीत प्रत्येक व्हर्टेक्सला त्याच्या क्षेत्रफळाचे वजन द्या. स्कॅनच्या उघड्या कडांवर खोटी शिखरे उठतात, तो पट्टा शून्य करा. पातळ नखांत सरळ अंतर मोजले की पलीकडच्या बाजूचे व्हर्टेक्सही शेजारी धरले जातात. तिथे पृष्ठभागावरून अंतर मोजावे.

वजन देताना मूळ पद्धतीत सर्वांत कमी 30 टक्के व्हर्टेक्सच्या किमती तशाच ठेवतात आणि वरच्यांना 100 ने गुणतात. मेशलॅब या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ही किंमत व्हर्टेक्सच्या ‘क्वालिटी’त भरा आणि त्रिकोण कमी करणारे क्वाड्रिक एज कोलॅप्स चालवताना ‘वेटेड सिम्प्लिफिकेशन’वर खूण करा.

ही मोजणी फक्त आकार पाहते. शिल्पाचा फुटलेला कोपराही ती महत्त्वाचा ठरवील. त्यामुळे त्रिकोण कमी करण्याआधी नकाशा रंगवून बघा आणि चेहऱ्याचे वजन कमी वाटले तर ते बेलाशक हाताने वाढवा.