इंग्लंडमध्ये मोठ्या कंपनीत टेक्नॉलॉजीची डिग्री अप्रेंटिसशिप करावी की सरळ युनिव्हर्सिटीत जावं?

डिग्री अप्रेंटिसशिप म्हणजे कंपनीत नोकरी करता करता युनिव्हर्सिटीची पदवी घेणं. मी ती केली आहे, 2019 ते 2023, एका मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात. त्यामुळे ऐकीव नाही, भोगलेलं सांगते.

तुम्ही लिहिलंय की मुलगा ए-लेव्हलच्या (इथली अकरावी-बारावी) पहिल्या वर्षाला आहे, कोडिंगमध्ये रमतो, आणि ‘अप्रेंटिसशिप’ हा शब्द काढल्यावर घरात सगळे गप्प झाले. आमच्याकडेही तेच झालं होतं. मी बारा वर्षांची असताना आम्ही ठाण्याहून रेडिंगला आलो. बाबांच्या डोक्यात अप्रेंटिस म्हणजे आयटीआय, निळा डगला आणि ग्रीसचे हात. "यासाठी इथवर आलो का आपण?" असं ते म्हणाले होते. आजोबा स्वतः रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "स्टायपेंड किती?" मी म्हटलं वर्षाला साडेअठरा हजार पौंड. पलीकडे थोडा वेळ शांतता, बहुतेक रुपये करत असावेत. मग म्हणाले, "बापाला फोन दे."

आता व्यवहाराचं बोलू. 2015पासून इंग्लंडमध्ये हा प्रकार आहे. तुमच्या मुलासाठी पाहायचा अभ्यासक्रम म्हणजे ‘डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्यूशन्स’, लेव्हल 6, म्हणजे पदवीच्या पातळीचा. शेवटी हातात पडते ती बीएस्सी ऑनर्सच. त्यात सॉफ्टवेअर, सायबर सुरक्षा, डेटा, नेटवर्क, कन्सल्टिंग अशा शाखा असतात. मुलगा पहिल्या दिवसापासून कंपनीचा नोकर असतो, पगार घेतो, आणि फी त्याला भरावीच लागत नाही. इतर मुलं फी बहुतेक कर्ज काढून भरतात; 2017पासून ती वर्षाला 9,250 पौंड होती, 2025मध्ये 9,535 झाली.

हे फुकट कसं, असं बाबाही विचारायचे. ज्या कंपनीचं वर्षाचं पगारबिल 30 लाख पौंडांच्या वर आहे तिला त्यावरच्या रकमेचा अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही म्हणून भरावा लागतो, एप्रिल 2017पासून. तो पैसा कंपनीला परत वापरता येतो, पण आमच्या वेळी तो अप्रेंटिसच्या शिक्षणावर आणि परीक्षेवरच वापरता यायचा. मुदतीत वापरला नाही तर सरकारजमा. म्हणजे कंपनी तुमच्या मुलावर उपकार करत नाहीये, आणि मुलानेही चार वर्षं उपकाराखाली दबून राहायचं कारण नाही. हे मला उशिरा कळलं. ते कसं, ते सांगते, कारण या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

आमच्या वेळचा नियम असा होता की कामाच्या तासांपैकी 20 टक्के वेळ शिक्षणासाठी राखून ठेवायचा. पाच दिवसांच्या आठवड्यात म्हणजे एक दिवस. माझा बुधवार होता. पहिल्या वर्षी तो जपला गेला, कारण मॅनेजर बाई स्वतः नोकरी करत शिकलेल्या. बुधवारी कोणी मला मीटिंगला बोलावलं तर त्याच परस्पर नकार कळवायच्या. दुसऱ्या वर्षी टीम बदलली. नव्या मॅनेजरना बुधवार म्हणजे माझी सुट्टी वाटायची. आधी "फक्त अर्धा तास", मग "या आठवड्यापुरतं", मग रिलीज, म्हणजे नवं सॉफ्टवेअर वापरात सोडायची घाई. कोविडमुळे सगळे घरून काम करत होते, त्यामुळे मी कुठे आहे, काय करतेय हे कोणाला दिसतही नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, टीममध्ये सगळ्यात लहान. नाही म्हणायचं कसं ते येत नव्हतं. डेटाबेसचा असाइनमेंट रात्री दोन वाजता लिहीत बसले आणि तरी उशीर झाला. आमच्या युनिव्हर्सिटीत उशिराच्या कामाला 40च्या वर गुण मिळत नसत, 40च मिळाले. आईने सकाळी चहा ठेवताना माझा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही.

दर तीन महिन्यांनी तिघांची बैठक असते: आपण, मॅनेजर आणि युनिव्हर्सिटीने नेमलेला कोच. तोवर त्या बैठकीत मी "सगळं छान चाललंय" म्हणून मोकळी व्हायचे. त्या वेळी कोचने माझी तासांची नोंद उघडली, मॅनेजरना शांतपणे म्हणाला की हे तास भरले नाहीत तर ही अप्रेंटिसशिप नियमात बसत नाही. पुढच्या बुधवारपासून एकही मीटिंग नाही. माणूस वाईट नव्हता हो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! आणि मीही नाही.

तेव्हा मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतील, तेव्हा मुलाने कंपनीच्या संस्कृतीबद्दल गोड प्रश्न विचारत बसू नये. अभ्यासाचा दिवस ठरलेला असतो का, प्रत्यक्ष रिलीजच्या आठवड्यात त्याचं काय होतं, आणि आधीच्या तुकडीतल्या एखाद्या अप्रेंटिसशी बोलता येईल का, एवढं विचारावं. उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघू लागले तर समजायचं ते समजावं.

काय गमावलं? उन्हाळ्याच्या सुट्ट्या. शाळेतल्या मैत्रिणी जूनमध्ये मोकळ्या व्हायच्या, मी वर्षाच्या 25 दिवसांच्या रजेतून गणपतीचं तिकीट बसवायचे. हॉस्टेल, विद्यार्थ्यांचे क्लब, रात्रभरच्या गप्पा, यातलं काहीच नाही. विषय बदलायची मुभाही फारशी नाही. दुसऱ्या वर्षी तुमच्या मुलाला वाटलं की आपल्याला खरं तर भौतिकशास्त्र हवं होतं, तर ते नोकरी सोडण्याइतकं मोठं प्रकरण होतं. एक बारीक गोष्टही सांगून ठेवते: वेगळं घर घेतलं तर पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळते ती कौन्सिल टॅक्सची (आपल्या घरपट्टीसारखा कर) सूट आठवड्याला 195 पौंडांहून जास्त कमावणाऱ्या अप्रेंटिसला मिळत नाही. मला ते बिलाचं पाकीट आल्यावर कळलं. कंटाळा आला तो केलेल्या प्रत्येक कामाचा पुरावा ज्ञान, कौशल्य, वर्तन अशा खान्यांत भरण्याचा. ‘वर्तन’ या खान्याखाली ईमेल जोडताना शाळेचं प्रगतिपुस्तक आठवायचं.

पण तेविसाव्या वर्षी चार वर्षांचा अनुभव आणि शून्य कर्ज, हे माझ्या मैत्रिणींपैकी कोणाकडेच नव्हतं.

तुम्ही व्हिसाचं काही लिहिलेलं नाही, पण आपल्या बऱ्याच कुटुंबांना हे माहीत नसतं म्हणून लिहिते. मुलगा तुमच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट असेल आणि अजून कायम वास्तव्य मिळालं नसेल, तर बहुतेक वेळा त्याला परदेशी विद्यार्थ्याची फी पडते आणि सरकारी कर्जही मिळत नाही. अप्रेंटिसशिपचा नियम वेगळा आहे. सुरू होण्याआधीची तीन वर्षं तो इथे राहिलेला हवा, इथे राहण्याची परवानगी शिक्षणासाठीची नको, आणि कोर्स पुरा होईपर्यंत काम करता यायला हवं. काही कंपन्या स्वतःच्या अटी घालतात, तेव्हा अर्जाआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. भारतातून थेट यासाठी येता येत नाही. माझ्या मावसभावाला हे तीनदा समजावलंय.

अर्ज थेट कंपनीकडे करायचा असतो. जागा साधारण शरद ऋतूत निघायला लागतात आणि काही कंपन्या जागा भरल्या की मुदतीआधीच अर्ज बंद करतात. यूकॅसचा, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचा, फॉर्मही सोबत भरून ठेवा, एकाने दुसरं अडत नाही. मी सात ठिकाणी अर्ज केले होते. चार ठिकाणी ऑनलाइन चाचणीतच गळाले, एकाने उत्तरच दिलं नाही, एकाने मुलाखतीनंतर नाही म्हटलं.